धुतलेलं करडू

सिस्टरबाईंनी तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली होती. त्यामुळे घरची शेळी व्यायली तेव्हा त्यांना सल्ला द्यायची कुणाची छाती नव्हती. निवृत्त होऊन, नवऱ्याला घेऊन खेड्यात आल्याला जेमतेम चार महिने झाले होते खरे. पण बाळंतपण ते बाळंतपण, त्यात बाई काय नि शेळी काय! बाई गोठ्यात पोचेपर्यंत पहिलं करडू शेळीनं चाटून कोरडं केलं होतं. दुसरं मात्र थेट त्यांच्याच हातात पडलं. चिकट, पिवळं, बुळबुळीत. बाईंना कुठलं राहवतंय? कोमट पाणी आणलं, वासाचा साबण लावला, टॉवेलनं पुसलं आणि लख्ख बाळ आईपुढे ठेवलं.

शेळीनं हुंगलं आणि ढकलून दिलं.

बाईंना वाटलं, चुकून झालं असेल. पुन्हा ठेवलं. या खेपेला लाथ बसली. एक पोर कासेला लुचत होतं आणि दुसरं बिचारं भिंतीशी थरथरत होतं.

शेजारची शेळीवाली आली. करडू हुंगून तिनं कपाळाला हात लावला. "अहो ताई, काय करून बसलात हे? ती वासावरनं पोर ओळखते. तुम्ही ओळखच धुऊन टाकलीत की!"

"मग आता?"

"बाटलीनं चीक पाजून बघा. दुपारपर्यंत पोटात गेला नाही, तर आशा सोडा."

बाटली करडू तोंडात धरेना. बाईंनी बाटली बाजूला ठेवली. आपल्या अतिशहाणपणापायी हे मरणार? छे! असं होऊ द्यायचंच नाही.

"अहो, इकडे या! शिंगं धरा."

"मी?" नवऱ्यानं जन्मात वर्तमानपत्राखेरीज काही घट्ट धरलं नव्हतं.

"नाही, पेपरवाला! धरा म्हणते ना!"

त्यानं डोळे मिटून शिंगं धरली. बाईंनी मागचा पाय आवळला, ओंजळीत चीक काढून करडाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळला आणि सड त्याच्या तोंडात दिला. पहिली लाथ गुडघ्यावर बसली, दुसरीनं चष्मा उडवला. पण चार घोट पोटात गेले.

"दर दोन तासांनी," बाईंनी जाहीर केलं.

"किती दिवस?"

"ती मानेपर्यंत."

तिसऱ्या दिवशी नवरा काकुळतीला आला. "अगं, आता तरतरीत झालंय ते. बाटलीही घेईल. आपण काय जन्मभर शेळीचे पाय धरत बसायचं?"

"मी त्याची आई तोडलीय," बाई म्हणाल्या. त्यांची पकड सैल झाली नव्हती. "मीच जोडणार. धरा शिंगं."

चौथ्या दिवशी दुपारी बाई गोठ्यात शिरल्या, तर धाकटं आपणहून कासेखाली घुसलं होतं. शेळीनं मान वळवून त्याची शेपटी हुंगली आणि जागची हलली नाही. खरंच पितंय का, हे बघायला बाई वाकल्या, तोच शेळीनं डोकं खाली घालून त्यांच्या पोटात अशी धडक दिली, की बाई शेणात फतकल मारून बसल्या.

नवरा धावत आला. "लागलं का गं?"

"मला मारलं हो!" बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "त्याच्याजवळ गेले म्हणून मला मारलं!"