पूजा केलेल्या प्लेटवर पाय

मी एक जुनी होम प्लेट आहे. हे सांगायलाही मला थोडा संकोच वाटतो, कारण मित्रांनो, प्लेट म्हटलं की तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तर्री-पोहे आठवतील. तो दोष तुमचा नाही. माझं नावच तसं आहे.

बेसबॉलच्या मैदानात मातीत बसवलेला पांढऱ्या रबराचा पंचकोनी तुकडा, म्हणजे मी. फलंदाज माझ्या शेजारी उभी राहून चेंडू टोलवते, मग तीन बेस, म्हणजे वाटेतले तीन ठरलेले थांबे, पळत पार करते आणि शेवटी परत माझ्याकडे येते. तिचा मला स्पर्श झाला तरच धाव मिळते. नाही झाला, तर सगळी धावपळ फुकट. एवढी गोष्ट लक्षात ठेवलीत तर पुढचं समजेल. मला नीट सांगता आलं नाही, तर तो दोष मात्र माझा.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून पोत्यात आणि पोत्यातून रेल्वेत, असा प्रवास करून मी पुसदच्या एका शाळेत आले. शाळेला कुठल्याशा योजनेतून सॉफ्टबॉलचं साहित्य मिळालं होतं. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल या चुलत बहिणी. प्लेट दोघींना तीच चालते. काही वर्षं मुली माझ्यावर पाय आपटत खेळल्या. मग खेळाच्या सरांची बदली झाली. त्याच सुमारास शाळेच्या ग्रंथालयातलं एक लोखंडी कपाट डगमगू लागलं, आणि त्याच्या पायाखालच्या फटीला माझी जाडी अगदी योग्य आहे, असं कुणाच्या तरी लक्षात आलं. अशी मी वाचनाकडे वळले.

विश्वकोशाचे खंड माझ्या डोक्यावर होते. वाचनाच्या तासाला मुलं मोठ्याने वाचत, ते मी ऐके. माझी भाषा पुस्तकी वाटली तर त्याचं कारण हे. तिथे मला कुणी वाईट वागवलं नाही. पण आपण कशासाठी जन्मलो, हे तिथे हळूहळू विसरायला होतं.

मला बाहेर काढलं ममताताईंनी. लहानपणी त्या माझ्यावर धावल्या होत्या आणि मोठेपणी त्याच शाळेत तासिका तत्त्वावर खेळ शिकवत होत्या. पुसदला मुलींचा बेसबॉल संघ निघणार, तोही पगारी, असं कळल्यावर त्यांनी ते काम सोडलं आणि जाताना मला मागून घेतलं. मला ओढताच कपाट कललं आणि विश्वकोशाचे खंड एकामागून एक खाली आले. माझ्या जागी वीट ठेवण्यात आली. ती माझ्यापेक्षा चांगलं काम करते, असं ऐकते.

संघाचे मालक भगवानराव. त्यांचं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. त्याच्या मागच्या आवारात आमचं मैदान झालं. विदर्भातल्या नव्या लीगमध्ये संघ उतरवण्याचं भगवानरावांनी नागपूरच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत कबूल केलं होतं. पुसदला परत येईपर्यंत त्यांचा उत्साह निम्मा झाला होता.

"मॅडम," ते ताईंना म्हणाले, "पहिल्या चारांत आले तं पुढच्या वर्षी टीम राहीन. नाई आले तं ह्या जागेवर मी कापसाची गंजी लावतो. मंग म्हणू नका, भाऊनं सांगितलं नाई."

ताई "हो" म्हणाल्या. शाळेतली त्यांची जागा तोवर दुसऱ्या कुणाला मिळाली होती. दुसरं काही म्हणण्यासारखं त्यांच्याजवळ नव्हतंच.

संघाचं नाव ठेवलं 'पुसद बिजली'. मुली बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या. पळण्यात पटाईत. बॅट मात्र सुरुवातीला त्यांनी लाठीसारखी धरली. सगळ्यांत वेगवान होती ढाणकीची रंजिता.

"घरी सांगून आली का?" ताईंनी तिला विचारलं.

"सांगून आली ना ताई. भरतीचाच क्लास हाये म्हणून सांगितलं."

दसरा झाला आणि पहिला सामना आमच्याच मैदानावर ठरला. सकाळी भगवानरावांच्या आई मथुराबाई हातात पूजेचं ताट घेऊन आल्या. कारखान्यातलं नवं यंत्र असो की नवी मोटारसायकल, त्यांच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय घरात काही सुरू होत नसे. त्यांनी मैदानभर नजर फिरवली. पूजा करण्यासारखी वस्तू त्यांना एकच दिसली.

"हे पांढरं काय आहे वं?"

"आजी, होम प्लेट. पोरी इथूनच निघतात आणि इथंच परत येतात," ताई म्हणाल्या.

"मंग हेच तं मुख्य ठाणं झालं!"

मित्रांनो, त्यांनी मला पाण्याने धुतलं. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. नारळ माझ्याच कोपऱ्यावर फोडायला निघाल्या होत्या, पण ताईंनी वेळेवर दगड आणून दिला. मग सगळ्या मुलींनी ओळीने येऊन मला नमस्कार केला. एवढी वर्षं कपाटाखाली असताना मला कुणी नमस्कार केला नव्हता. मला भरून आलं. आपली तेवढी लायकी आहे का, अशी शंकाही आली. ती शंका खरी ठरायला दुपार पुरली.

रंजिताने चेंडू टोलवला. पहिला बेस, दुसरा, तिसरा. लोक उठून उभे राहिले. ती वाऱ्यासारखी माझ्याकडे आली, आणि अगदी शेवटच्या क्षणी, नाल्यावरून उडी मारावी तशी माझ्यावरून उडी मारून पलीकडे गेली. ती हात वर करून नाचत असतानाच पाहुण्या संघाच्या मुलीने शांतपणे येऊन तिला चेंडू टेकवला. मला शिवण्याआधी असा चेंडू टेकला, की धावणारी बाद. पंच होते दारव्ह्याचे किसनसिंग. त्यांनी तिला बाद दिलं.

"काहून सर? आली ना मी!"

"पाय कुठं लागला?"

"पाय कसा लावू सर? आजीनं पूजा केली हाये."

किसनसिंगांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बेटा, नियमाच्या पुस्तकात पूजेचं काही लिहून नाई."

आम्ही तो सामना हरलो. दुसराही हरलो. त्यात सुरभी नावाच्या मुलीने मन घट्ट करून माझ्यावर पाय ठेवला खरा, पण पुस्तकाला पाय लागल्यावर तुम्ही जे करता, तेच तिच्याकडून झालं. ती गर्रकन मागे वळली, वाकली, मला हात लावून कपाळाला लावू लागली. मागून निकिता पूर्ण वेगात येत होती. ती सुरभीवर आदळली, दोघी लोळत दूर गेल्या आणि निकिता बाद झाली. कुंपणावर बसलेले पोट्टे ओरडले, "बिजली गेली रे!"

ताईंनी मला साबणाने घासलं. कुंकू गेलं, पण उपयोग झाला नाही.

"अगं, रबर आहे हे!" ताई म्हणाल्या.

"आम्हाले माहीत हाये ताई. पण पायच उठत नाई."

गंमत म्हणजे अकोल्याला, वर्ध्याला, चंद्रपूरला त्या जिंकून आल्या. तिथल्या प्लेटींची कुणी पूजा केली नव्हती. त्यांच्यावर आमच्या मुली खुशाल धाडधाड पाय देत. सगळे संघ घरी जिंकतात आणि बाहेर हरतात. आमचं उलटं चाललं होतं. भगवानरावांनी यावर बराच विचार केला आणि विचारलं, "मॅडम, आपले सगळे सामने बाहेरच नाई का ठेवता येणार?"

मथुराबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. संघ घरी हरतो म्हणजे आपली पूजाच कमी पडते, असं त्यांना वाटे. प्रत्येक घरच्या सामन्याला त्या आणखी कुंकू आणत. त्यांना सांगायचं कुणी? भगवानराव आईसमोर बोलत नसत. ताईंना वाटे, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला दुखवा. मला तर बोलताच येत नव्हतं. येत असतं, तरी मी बोलले असते असं खात्रीने सांगता येत नाही.

शेवटी उपाय सापडला तो नियमाच्या पुस्तकातच. ताई माझ्याजवळ बसून ते वाचत होत्या. एकदम त्यांनी मुलींना हाक मारली. "स्पर्श झाला पाहिजे, एवढंच लिहिलंय. पायानंच, असं कुठं आहे? पाय उठत नाही ना? मग साष्टांग नमस्कार घाला!"

पळत यायचं, अंग झोकून द्यायचं, पोटावर घसरत पुढे जायचं आणि दोन्ही हातांनी मला शिवायचं. सराव व्हायचा सरकी काढलेल्या रुईच्या ढिगावर. मुली केसांत कापूस घेऊन घरी जात. रुईत माती जाते म्हणून कारखान्यातले लोक कुरकुरले, पण पुढच्या घरच्या सामन्यात आम्ही जिंकलो आणि तेच लोक शिट्ट्या मारू लागले. मग बातमी पसरली. पुसदला मुली लोटांगण घालून धावा काढतात, हे बघायला उमरखेड, दिग्रस, महागावहून लोक येऊ लागले. बिजली खालच्या क्रमांकावरून वर वर आली. भगवानराव संघाच्या फोटोत मधोमध उभे राहू लागले. मथुराबाई तर कृतार्थ झाल्या.

"पाहा, कशी पाया पडून राह्यली पोरगी!" त्या शेजारणीला सांगत. "खेळतानाही विसरत नाई."

मला त्या काळात फार अवघडल्यासारखं होई. मुलींची कोपरं सोलवटत होती. माझ्यामुळे. आणि वर लोक माझंच कौतुक करत होते.

साखळीतला शेवटचा सामना घरीच होता, यवतमाळच्या संघाशी. जिंकलो तर पहिल्या चारांत. हरलो तर कापसाची गंजी. आणि त्याच्या आधीच्याच सामन्यात घसरताना रंजिताची दोन बोटं चिरडली होती. डॉक्टरांनी हाताला जाड पट्टी बांधून दिली आणि तिला खेळायची मनाई केली. शेवटच्या डावापर्यंत ती बाकावर बसून होती. बरोबरी झाली. तिसऱ्या बेसवर आमची एक मुलगी पोहोचली, पण तिचा पाय मुरगळला. तिच्या जागी पळण्यापुरती रंजिता उतरली.

जाताना ताईंनी तिला माझ्याजवळच थांबवलं, म्हणून मी ऐकलं.

"हात खाली टेकायचा नाही. बोटं कायमची जातील. पाय ठेवायचा."

"पाय नाई उठला तं?"

ताईंनी तिच्या खांद्यावर नुसतं थोपटलं.

हे सगळं जाळीमागे खुर्चीवर बसलेल्या मथुराबाईंनीही ऐकलं. त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. "पाय कायले नाई उठणार? काय झालं पायाले?"

भगवानराव खाली बघत म्हणाले, "माय, पायाले काही नाई झालं. तू पूजा करतं ना, म्हणून पोरी पाय नाई ठेवत. पहिल्यापासून."

"म्हणून हरत होत्या?"

"हो."

"म्हणून लोटांगण?"

"हो माय."

तेवढ्यात निकिताने चेंडू टोलवला. रंजिता निघाली. लांबून चेंडू परत फेकला गेला. यवतमाळची मुलगी माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली. तिला आमची पद्धत ठाऊक होती. तिने चेंडू झेलायचा चामडी पंजा अगदी जमिनीलगत, हात येतील तिथे धरला. रंजिता जवळ आली आणि मला तिची चाल ओळखू आली. पावलं आखूड पडू लागली होती. ती उडी मारणार होती.

"ठेव!" जाळीमागून आवाज आला. मथुराबाई उभ्या होत्या. खुर्ची मागे पडली होती, दोन्ही मुठींत जाळी होती. "ठेव पाय, पोरी! पाप लागन तं मले लागन! ठेव!"

आणि रंजिताने पाय ठेवला. मित्रांनो, खिळ्यांच्या बुटाचा, मातीने भरलेला, पूर्ण पाय, माझ्या बरोबर मधोमध. चेंडू पंज्यात आला तेव्हा ती पलीकडे पोहोचली होती. किसनसिंगांनी दोन्ही हात आडवे पसरले, म्हणजे धाव झाली. कोण कुणाच्या गळ्यात पडलं, मला दिसलं नाही. माझ्यावर सगळा संघ नाचत होता. माझा एक कोपरा तेव्हा तुटला. तसा आनंद मला पुन्हा होईल की नाही, सांगता येत नाही.

पुढे उपांत्य सामन्यात नागपूरकरांनी आमची धूळदाण उडवली. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. मी तिथे नव्हते. पण गंजी लागली नाही. संघ राहिला, ताई राहिल्या.

माझं मात्र वेगळंच झालं. भगवानरावांनी मला उपटून, पॉलिश करून, ऑफिसातल्या काचेच्या पेटीत ठेवलं. आत छोटा दिवाही लावला. येणारे व्यापारी हात जोडत आणि चहाचा कप पेटीवर ठेवत. खिडकीतून मैदान दिसे. मुली जमिनीवर गोणपाटाचा तुकडा अंथरून सराव करत. तो वाऱ्याने उडे, मग एखादी त्याच्यामागे धावे.

एक दिवस मथुराबाई ऑफिसात आल्या. मला वाटलं, पुन्हा कुंकू.

"भगवान, काढ ते बाहेर."

"माय, मान आहे तिचा."

"काचेत ठेवून मान होते का? मले ठेवतो का काचेत?"

भगवानरावांनी पेटी उघडली.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत कुठेतरी एक खोली असेल. तिला कुलूप असेल. आत हवा गेलेला फुटबॉल, जाळी फाटलेली रॅकेट, कुणीतरी कपाटाखाली सरकवलेलं आणखी काही असेल. सरांना किल्ली मागा. त्या वस्तू नुसत्या पुसून परत ठेवू नका. त्या वापरा, मळवा, तुटल्या तर जोडा. आमची काळजी घ्या म्हणून मी विनवते आहे, पण काळजी म्हणजे आम्हाला तुमच्यापासून लांब ठेवणं, असा अर्थ कृपा करून घेऊ नका. कदाचित मी चुकत असेन. मी शेवटी रबर आहे.

पण आता मला थांबायला हवं. तिसऱ्या बेसवरून कुणीतरी निघालं आहे.