कान कापलेली कुत्री व्याली

गावात कशाचाही पंचनामा असो, पंच म्हणून पंजाबरावांची सही ठरलेली. विहिरीत बैल पडला, मोटर चोरीला गेली, कागद पुढे आला की न वाचता सही. एरवी माणूस इतका संशयी, की दूधवाल्याच्या मापात रोज बोट घालून पाहणार.

तीन महिन्यांपूर्वी मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीच्या कागदावरही त्यांनी अशीच सही ठोकली. कुत्री एकशे बारा, दर नगी सोळाशे पन्नास. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याच्या कानाचं टोक कापतात, ती खूण.

आणि मंगळवारी त्यांच्याच गुरांसाठी रचलेल्या कुटाराच्या, भुशाच्या ढिगात कान कापलेली तांबडी कुत्री व्याली. पिलं पाच.

पंजाबरावांनी बोटं मोजली. कुत्रीला दोन महिने लागतात. म्हणजे ही गाभण राहिली ती ऑपरेशननंतर. पोट, कूस चाचपली. टाक्याचा वण कुठंच नाही. नुसत्या कानाचे सोळाशे पन्नास! गावातला न्हावी साठ रुपयांत अख्खं डोकं करतो.

संध्याकाळीच ग्रामसेवक शेखर आला, सोबत नसबंदीच्या ठेकेदाराचा माणूस. यांना सांगितलं कोणी, हा संशय पंजाबरावांना आलाच. ठेकेदाराचा माणूस भलताच गोड. अशी एखादी राहून जाते म्हणाला, पिलांसकट नेतो, खर्च आमचा.

"कुठी नेता?"

"सेंटरवर."

पंजाबराव खोदून विचारत गेले तसं सेंटर आधी मेहकरला होतं, मग जानेफळकडं सरकलं, शेवटी त्याचं बांधकामच चालू निघालं. पिलांचे डोळेही उघडले नव्हते. आणि माणसाच्या हातात पिंजरा नव्हता, पोतं होतं.

शेखरनं त्यांना बाजूला घेतलं. ठेकेदाराचं शेवटचं बिल निघायचं होतं. चौकशी लागली तर पहिले पंचालाच विचारतील. "काका, तीस वर्षांचं नाव हाये तुमचं. एका कुत्रीपायी काऊन घालवता?"

"नाव कायचं," दारातून त्यांची बायको गीताबाई म्हणाल्या, "एक कागद वाचला नाही यायनं."

पंजाबरावांनी पोत्याकडं पाहिलं, मग पिलांकडं.

"नवा पंचनामा लिहा शेखरभाऊ. मादी एक, कान कापलेला, टाका नाही. पिलं पाच, जित्ती. अन् खाली लिहा, आधीच्या कागदावर पंजाबरावानं एकही कुत्रं न पाह्यता सही केली."

शेखर लिहीना. मग पंजाबरावांनी स्वतःच लिहिलं आणि पंच म्हणून शेजारच्या वामनरावांना हाक मारली. वामनरावांनी कुत्रीचं पोट पाहिलं, पिलं दोनदा मोजली, कागद वाचला, तेव्हा सही केली. पंजाबरावांना त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं.