एक महिना, दोन माणसं

तात्यारावांनी तांबड्या पेनानं वहीतल्या दुसऱ्या नावावर फुली मारली आणि पेनाला टोपण लावलं.

"वाईसुद्धा नापास?" ललिताबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. हातातलं लाटणं त्यांनी खाली ठेवलं नव्हतं.

"पाण्यात क्षार आहेत."

"आणि भोरला?"

"भोरला पायऱ्या उंच होत्या. तुझे गुडघे बघता..."

"माझ्या गुडघ्यांना मधे आणू नका. ते बिचारे कुठंही यायला तयार आहेत."

तात्यारावांनी रिमोट उचलला. बातम्या आधीच मोठ्यानं चालू होत्या, त्या आणखी मोठ्या झाल्या. बोपोडीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या खालून जुना मुंबई रस्ता जात होता आणि मागच्या खिडकीतून रेल्वे दिसायची. सोसायटीत आतल्या बाजूचा फ्लॅट मिळत असताना तात्यारावांनी हट्टानं हा घेतला होता. हवा खेळती राहते, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. हवेबरोबर काय काय खेळत आत येतं, याबद्दल ते काही बोलले नव्हते.

ललिताबाई नोव्हेंबरात महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. पस्तीस वर्षं त्यांनी पहिलीचा वर्ग सांभाळला. निरोप समारंभात त्यांनी मुलीला, आम्रपालीला, एकच मागणं सांगितलं होतं. "मला एक महिना अशा जागी ठेव, जिथं 'बाई, बाई' म्हणून कुणी हाक मारणार नाही. मला काही बघायचं नाही. नुसतं बसायचंय."

आम्रपाली हिंजवडीत कंप्युटरवर काम करायची. तिला यात नवल वाटलं नाही.

"बाबा, हल्ली लोक फिरायला जात नाहीत, राहायला जातात," तिनं फोनवर समजावलं. "एकच शांत जागा निवडायची आणि तिथं निवांत राहायचं. स्लो ट्रॅव्हल म्हणतात त्याला."

"आम्ही जन्मभर स्लोच होतो," तात्याराव म्हणाले. "त्याला ट्रॅव्हल म्हणतात हे माहीत नव्हतं."

तिनं इंटरनेटवरून तीन जागा काढल्या. घरगुती जेवण, जवळ डॉक्टर, चढउतार नाही आणि गाड्यांचा आवाज नाही. तात्यारावांनी अट घातली, आधी मी एकटा जाऊन बघणार. भोसरीच्या कारखान्यात निम्मी नोकरी लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर आणि निम्मी त्याच शेडमध्ये क्वालिटीत गेलेला माणूस. तपासल्याशिवाय त्यांनी कधी माल पुढे सोडला नव्हता. घरात मंडईतून आणलेलं कलिंगडसुद्धा त्यांच्या हातून पास होऊनच कापलं जायचं. त्यामुळे या अटीचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही, आणि तात्यारावांना नेमकं तेच हवं होतं.

कारण भोरच्या पायऱ्या उंच नव्हत्या. वाईचं पाणीही गोड होतं. दोन्ही ठिकाणी दिवे मालवून ते आडवे झाले, आजूबाजूला सगळं निपचित झालं आणि दोन्ही कानांत ती शिट्टी सुरू झाली. बारीक, सरळ आणि न थांबणारी. बोपोडीत ट्रकखाली, रेल्वेखाली, टीव्हीखाली ती दबून राहायची. शांत जागी तिला रान मोकळं मिळे. भोरला ते पहाटेपर्यंत अंगणात फेऱ्या मारत होते. वाईला त्यांनी न्हाणीघरातला नळ सोडून ठेवला आणि दाराशी उशी घेऊन बसले.

हे ते कुणालाही सांगू शकत नव्हते. का, ते त्यांचं त्यांना ठाऊक होतं. गेली अकरा वर्षं त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

"तिसरी जागा बघायला मी येणार," ललिताबाई टीव्हीच्या वर आवाज चढवून म्हणाल्या. "खडकवासल्याच्या पुढचीच आहे. आम्रपालीचा फोन होता. त्या माणसानं खोली रविवारपर्यंतच धरून ठेवलीय. विहारातल्या बायकांना मी सांगून बसलेय. आता क्षार असोत नाही तर मगरी असोत, मला माझ्या डोळ्यांनी बघायच्यात."

"तुला त्रास कशाला..."

"मला त्रास कशाचा होतो, हे तुम्ही कधी विचारलंयत?"

त्या आत गेल्या. पोळपाटावर लाटणं जोरात फिरू लागलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तात्यारावांना वाटलं, हिला काहीतरी कळलंय.

रविवारी सकाळी दोघं स्वारगेटहून बसनं खडकवासल्याला आणि तिथून सहा आसनी रिक्षानं पुढं निघाले. रिक्षाचं इंजिन इतकं तडतडत होतं की शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नव्हतं. तात्याराव मात्र खुशीत होते. त्यांनी रिक्षावाल्याशी ओरडून ओरडून राजकारणावर गप्पा मारल्या. ललिताबाई त्यांच्याकडे निरखून बघत होत्या. उतरल्यावर रिक्षा वळून निघून गेली, आणि तात्यारावांच्या चेहऱ्यावरची खुशीही तिच्याबरोबरच गेली.

जागा खरोखर चांगली होती. धरणाच्या पाण्याला लागून चिकूची बाग, बागेत तीन कौलारू खोल्या, पुढं ओटा. मालक दशरथ पन्नाशीचा होता. शेतावर पाहुणे ठेवायला लागून त्याला दोन वर्षं झाली होती.

"हितं गाडी न्हाय, घोडा न्हाय," तो अभिमानानं म्हणाला. "पान पडलं तरी ऐकू येतंय. आयटीतली पोरं येत्यात अन् निस्ती झोपत्यात."

ललिताबाई ओट्यावर बसल्या. त्यांनी चपला काढल्या, पाय लांब केले आणि समोरच्या पाण्याकडे बघत राहिल्या. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. इतक्या वर्षांत हे खांदे असे खाली आलेले तात्यारावांनी पाहिले नव्हते. या जागेला नापास करायला कारण सापडणार नव्हतं.

ते खोलीत गेले आणि पंखा पाचावर लावला.

"अहो, जानेवारी आहे," बाहेरून आवाज आला.

"कोंदट वाटतंय."

पंखा जुना होता, खडखडत होता. तात्याराव त्याच्या खाली खुर्ची घेऊन बसले आणि एक महिना म्हणजे किती रात्री याचा विचार करू लागले. पंखा असला तर निभेल, असं त्यांना वाटायला लागलं. तेवढ्यात बारा वाजले, भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली. पंखा दोन-चार फेरे मारून थांबला.

"आता चार वाजता यील," दशरथनं बागेतूनच सांगितलं.

शिट्टी सुरू झाली.

तात्याराव उठले. ओट्यावर डोळे मिटून बसलेल्या ललिताबाईंच्या मागून ते दबक्या पावलांनी निघाले आणि घरामागच्या स्वयंपाकाच्या पडवीत पोचले. दशरथची बायको मुक्ताई चुलीवर भाकरी टाकत होती. कोपऱ्यात पितळी पंपाचा जुना स्टो होता.

"ताई, चहा मिळेल? स्टोवरच करा. लवकर होतो."

मुक्ताईनं स्टो पेटवला, पंप मारला. भर्र आवाज सुरू झाला तसं तात्यारावांनी पाटावर बसून भिंतीला पाठ टेकली. घाम पुसला. चहा झाला, त्यांनी घेतला. मुक्ताई स्टो बंद करायला वाकली तसे ते म्हणाले, "आणखी अर्धा." मग पुन्हा अर्धा. मग नुसतं पाणीच तापत राहिलं.

अर्ध्या तासानं ललिताबाई शोधत आल्या आणि दारात थांबल्या.

"तुम्ही इथं काय करताय?"

"चहा घेतोय."

"चहा डॉक्टरांनी बंद केलाय तुमचा."

मुक्ताई चुलीपुढून अवघडून उठली. पाहुण्यांच्या भांडणात बोलावं की नाही, हे तिला कळेना. "ताई, आता चा बी नगं म्हणत्यात," ती शेवटी म्हणाली, "पर स्टो बंद करू दीनात. राकेल संपाया आलंय."

ललिताबाईंनी एकदा स्टोकडे बघितलं आणि एकदा नवऱ्याकडे. मग त्या पुढं आल्या, वाकल्या आणि स्टोची चावी सैल केली. आवाज फुसकन बसला. तात्यारावांनी दोन्ही हातांनी पाट घट्ट धरला. ते एका क्षणाचंच होतं, पण पस्तीस वर्षं पहिलीतल्या पोरांचे चेहरे वाचलेल्या बाईला तेवढं पुरलं.

"चला बाहेर," त्या म्हणाल्या.

पाण्याच्या कडेला एक दगडी बांध होता. तिथं बसून तात्यारावांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांची नजर पाण्यावरून हलली नाही.

"शहाण्णव साली कारखान्यात परदेशी गिऱ्हाईक आलं. त्यांनी अट घातली, सगळ्यांचे कान तपासा. ज्यांचे कान गेलेत त्यांना शेडमध्ये ठेवायचं नाही. साहेब म्हणाले, कुणाचं नुकसान होणार नाही. आमच्या शेडमधला रंगनाथ नापास झाला आणि तीन महिन्यांत स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसला. स्वेच्छा कुणाची, ते विचारू नकोस. आम्रपाली तेव्हा बारावीला होती. तिचं इंजिनिअरिंग डोळ्यांपुढं होतं."

"मग तुम्ही पास कसे झालात?"

"कानांवर मोठे हेडफोन लावायचे. आवाज आला की बटण दाबायचं. मशीन चालवायला एक बाई होती. ती आवाज सोडताना तिचं कोपर थोडं हलायचं. मी कोपराकडे बघून बटण दाबायचो. दर वर्षी. मलाच काय, निम्म्या शेडला ती युक्ती माहीत होती. एकदा तर डॉक्टर म्हणाले, गजभिये, तुमचे कान विशीतल्या पोरासारखे आहेत."

ते हसायला गेले, पण हसू आलं नाही.

"तेव्हापासून शिट्टी वाजते. थांबत नाही. आवाजात असलो की जाणवत नाही. शांत जागा तुला ऐकू येते, ललिता. मला येत नाही."

ललिताबाई ओरडतील, रडतील, निदान कपाळावर हात मारतील, अशी तात्यारावांनी मनाची तयारी केली होती.

"म्हणजे टीव्ही त्यासाठी?" ललिताबाईंनी नुसतं विचारलं.

"हो."

"आणि पंखा? आणि तो रस्त्याकडचा फ्लॅट?"

"हो."

"मी जवळ येऊन बसले, काही सांगायला लागले, की तुम्ही रिमोट उचलायचात."

"ते मुद्दाम नव्हतं. हात आपोआप..."

"मला वाटायचं, तुम्हाला माझं बोलणं नको असतं." त्यांचा आवाज चढला नाही, उतरला. "आधी वाईट वाटलं. मग वाटलं, शाळेतून आलेली बाई काय नवं सांगणार, कंटाळत असतील. मग मी बोलणं सोडून दिलं. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

तात्यारावांच्या लक्षात आलं होतं. वयोमानानं ही शांत झाली, असं त्यांना वाटलं होतं, आणि ते मनातून सुखावलेही होते, कारण तिचे प्रश्न कमी झाले म्हणजे पकडलं जाण्याची भीती कमी. आता ते आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी लाज त्यांना खोट्या तपासणीचीही कधी वाटली नव्हती.

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"हवं होतं."

चिकूच्या झाडांतून दशरथ वही घेऊन आला. पुण्याहून दुसरी पार्टी फोन करत होती, त्याला आजच्या आज काय ते ठरवायचं होतं.

"मंग काय करू, सायेब? दोन माणसं, एक महिना, आसं धरू?"

"धरा," तात्याराव पटकन म्हणाले. "जागा उत्तम आहे. काही म्हणजे काही खोट नाही. दोन माणसं."

"एक," ललिताबाई म्हणाल्या.

दशरथचं पेन थांबलं.

"अगं, मी राहीन," तात्याराव घाईनं म्हणाले. "होईल सवय. एक महिना म्हणजे काय मोठंसं."

"राहाल. मला माहीत आहे. दातओठ खाऊन राहाल, आणि मी रोज सकाळी उठून तुमचं तोंड बघेन, की आज झोप लागली का. मग तो महिना तुमचा होईल." त्यांनी पदर सारखा केला. "मला माझा हवाय."

ती रागावून बोलली असती तर तात्यारावांनी समजूत घातली असती. पण ती रागावलेली नव्हती.

"कवापासनं धरू, बाई?" दशरथनं बिचकत विचारलं.

"आजपासून. आणि बाई म्हणू नका. ललिता गजभिये लिहा."

दोन दिवसांसाठी म्हणून दोघांनी मिळून एकच पिशवी आणली होती. ललिताबाईंनी ती ओट्यावर उपडी केली. तात्यारावांचा सदरा, टॉवेल, दाढीचं सामान असं एकेक निवडून त्यांनी मुक्ताईकडून मागून घेतलेल्या कापडी पिशवीत भरलं आणि ती त्यांच्या हातात दिली. पिशवी हलकी होती. तात्याराव ती धरून उभे राहिले. आपल्याला घरी पाठवतायत, हे कळायला त्यांना वेळ लागत होता.

"पुढच्या रविवारी या," ललिताबाई म्हणाल्या. "सकाळच्या बसनं माझे कपडे घेऊन यायचं, संध्याकाळी परत जायचं. दिवसभर मी बोलेन, तुम्ही ऐकायचं. अकरा वर्षांचं साठलंय."

"बरं."

"आणि त्याआधी कान तपासून या. या वेळी डोळे मिटून बसा."

त्यांनी मान हलवली. सहा आसनीची वाट बघायला रस्त्यापर्यंत जायचं होतं. ते चार पावलं गेले असतील, तोच मागून दशरथचा आवाज आला. त्याला जेवणाचा हिशोब लागत नव्हता.

"मंग रविवारी दोन पानं मांडू का?"

"बघा," ललिताबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या. "येतात का ते."

"येतो," तात्याराव म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले.