कच्चे तमाले

एउलालियाला दुसऱ्याच्या चुलीपुढे मिरवायची भारी हौस. माझ्या लेकाची धर्ममाता आहे, घरात यावं, बसावं. पण म्हणून माझ्या हंड्यावरचं झाकण उचलायचं?

चूक माझीच, म्हणतात सगळे. कँडेलारियाच्या सणासाठी कपड्यांना इस्त्री केली आणि तशाच तापल्या अंगानं फ्रिज उघडला, गार वारं तोंडावर घेतलं. सकाळी आरशात पाहते तर अर्धं तोंड ओघळलेलं. डावा डोळा मिटेना, प्यायलेलं पाणी गळ्यावर. डॉक्टर म्हणाला, होईल हळूहळू सरळ. पण सण थांबतो होय? सगळी गल्ली तमाले, म्हणजे कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ, खायला येणार, आणि माझ्या जिभेची अर्धी चव गेलेली. म्हणून चाखायला ही आली.

"तू बस गं पेत्रा, मी आहे ना!"

माझा नवरा फेर्मीन तिच्या विनोदांवर पोट धरून हसत होता. माझ्याशी मात्र आजाऱ्याशी बोलावं तसा हळू बोलायचा.

दुपार टळली तरी मक्याचं पीठ शिजेना. साल उलगडली की बोटांना चिकटायचं. जमलेली गल्ली हंड्याभोवती सरकली. हंड्याजवळ कुणाच्या पोटात जळत असेल तर तमाले कच्चे राहतात, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. ज्याचं जळतं त्यानं हंड्यापुढे नाचायचं. माझ्याकडे बघायची कुणाची टाप नव्हती.

"माझंच जळतंय मेलं," एउलालिया म्हणाली. "हिला नवरा आहे, मला कुठाय?" शाल कमरेला बांधून नाचली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

माझा मत्सरसुद्धा या बाईनं पळवला!

झाकण काढलं. पीठ तसंच चिकट.

"सरक," मी म्हटलं आणि उठले. एक डोळा टक्क उघडा, अर्धं तोंड लोंबतंय, अशी सगळ्या गल्लीदेखत नाचले. आधी कुणी हसेना. मग फेर्मीननं माझा हात धरला आणि पाय चुकवत नाचू लागला, तेव्हा हसू फुटलं. मीही हसले, जेवढं तोंड हसत होतं तेवढं.

पुन्हा झाकण काढलं तेव्हा साल अलगद सुटली. एउलालियानं पहिला तमाल माझ्या हातावर ठेवला. चांगल्या बाजूनं चावला, तर रस दुसऱ्या बाजूनं हनुवटीवर. ती रुमाल घेऊन धावली. मी तो हिसकावला आणि माझं मी पुसलं.

"एउलालिया, अर्ध्या जिभेलाही कळतंय, मीठ कमी पडलंय. माझं तोंड सरळ झालं तरी येत जा. हंडा माझाच राहील, पण तुला शिकवायला हवं."