हायवेवरचा चेहरा

टेकडीवरच्या कॉलेजात मार्लिस कांगस नेमकं काय काम करते, हे तिच्या नवऱ्यालाही धड सांगता येत नसे. "चित्रं चिकटवते," असं एल्डन मित्रांना सांगून मोकळा व्हायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. रक्तदानाचं पोस्टर, पार्किंगची पाटी, पदवीदानाची पत्रिका, कँटीनमधल्या मंगळवारच्या टॅकोंची जाहिरात, कॉलेजात जे काही छापलं जाई ते तिच्या हाताखालून जाई. दारात येणारा प्रत्येक जण म्हणे, "पाच मिनिटांचं काम आहे गं." मग तो अर्धा तास तिच्या खुर्चीमागे उभा राहून लोगो मोठा करायला सांगे.

लोखंडाची खाण बंद पडल्यापासून मिशिगनच्या त्या वरच्या टोकाला कॉलेज हाच काय तो लोकांचा आधार उरला होता. खाणीतून सुटलेले बाप्ये तिथे वेल्डिंग शिकत, दुकानात गल्ल्यावर उभ्या राहणाऱ्या पोरी नर्सिंग शिकत. मार्लिस स्वतः तिथेच शिकलेली. त्यामुळे "या, शिका, मोठे व्हा" असं पोस्टरवर लिहिताना तिला कधी आपण थापा मारतोय असं वाटलं नव्हतं.

डेंटल हायजीनचा नवा कोर्स सुरू झाला तेव्हा वरून हुकूम आला, एक चांगला चेहरा शोधा. मार्लिसने ब्रिटा हेक्किनेनला शोधलं. ब्रिटा दिवसा वाण्याच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर असे आणि संध्याकाळी दात साफ करायला शिके. पोरगी देखणी होती असं नाही. तिचा पुढचा एक दात जरासा वाकडा होता, आणि हसू आलं की हात आपसूक तोंडावर जाई.

"अगं, हात काढ," मार्लिस कॅमेऱ्याआडून म्हणाली.

"दात शिकणाऱ्या बाईचाच दात वाकडा! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, हिला आपलं दुःख कळेल. आमच्या एल्डनची कवळी एकदा सॉनामधून, त्या वाफेच्या खोलीतून, गायब झाली. सगळे टॉवेल गुंडाळून बर्फात शोधत होते. शेवटी कुत्र्याच्या तोंडात सापडली. आणि काय सांगू, कुत्र्याला ती याच्यापेक्षा शोभत होती!"

ब्रिटा खदाखदा हसली, हात खालीच राहिला, आणि मार्लिसने तेवढ्यात फोटो टिपला. निळे दवाखान्यातले कपडे, मोकळं हसू, आणि तो वाकडा दात. मार्लिसने त्याला बोटही लावलं नाही. खाली तिनेच शब्द लिहिले: "मी इथेच घडतेय." हायवेवर, पेट्रोल पंपाच्या पुढे, तो चेहरा घराएवढा होऊन लागला. पहिल्या आठवड्यात तो बघायला मार्लिस मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी गेली.

पुढच्या हिवाळ्यात कोर्सची मुख्य शिक्षिका दक्षिणेकडे चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेली. तिच्या जागी या बर्फात यायला कुणी तयार होईना. मग कोर्सची मान्यता गेली. मुलं निम्म्याहून जास्त शिकून झाली होती, पण दुसरी कॉलेजं त्यांचे विषय धरायला तयार नव्हती. शुक्रवारी दुपारी, सगळे घरी निघाल्यावर, कोर्स बंद झाल्याचं मुलांना कळवलं गेलं. त्या सूचनेवरची रंगीत पट्टीही मार्लिसनेच केली होती. तिच्यावर लिहिलं होतं, "नव्या वाटांकडे."

हायवेवरचा चेहरा मात्र होता तिथेच राहिला.

फेब्रुवारीत ब्रिटा मार्लिसच्या खोलीत आली. बुटांवरचा बर्फ न झटकताच खुर्चीत बसली.

"तो फोटो काढा, मार्लिस."

"मी बघते..."

"बघू नका, काढा. दुकानात लोक सामान ठेवतात आणि आ करतात. 'काय डॉक्टरीणबाई, जरा दाढ बघता का?' म्हणे. काल तर आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्याने विचारलं, दवाखाना कधी उघडतेस? मी काय सांगू? दुधाला पिशवी देऊ का, एवढंच म्हटलं."

"मी स्टॉफरशी बोलते," मार्लिस म्हणाली. "आजच."

ग्रेडी स्टॉफर हा जाहिरात आणि प्रवेश विभागाचा नवा उपाध्यक्ष. मार्लिसपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला साखर. त्याने तिला बसवलं, टेबलावरची बिस्किटं पुढे केली, आणि सगळं ऐकून घेतलं.

"वाईट झालं पोरीचं," तो म्हणाला. "पण मार्लिस, तो चेहरा चालतोय. लोक फोन करून सांगतात, त्या हसणाऱ्या मुलीचं कॉलेज. असा चेहरा रोज मिळत नाही. आणि तिची परवानगी आहे आपल्याकडे."

"कोर्सच नाही राहिला, तर ती तिथे उभी कशाला?"

"बरोबर! अगदी बरोबर बोललात." स्टॉफर पुढे वाकला. "निळे कपडे खटकतात. ते काढा. छानसं जॅकेट चढवा. बिझनेस मॅनेजमेंटचा कोर्स भरायचाय आपल्याला. आणि हो, तो दात. मला पहिल्यापासून खटकतोय. सरळ करून टाका."

"दात?"

"पाच मिनिटांचं काम आहे की नाही?"

मार्लिस उठली. तेवढ्यात तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "वरती खर्च कपातीचं चाललंय. तुमच्या विभागाचं नाव निघालं होतं. मी म्हटलं, नाही हो, मार्लिस आपली गुणी बाई आहे. एल्डनच्या खुब्याचं ऑपरेशन वसंतात ना?"

एल्डनचा विमा मार्लिसच्या नोकरीवर होता. खाणीने त्याला फक्त मोडका खुबा दिला होता, विमा नव्हे. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तसं स्टॉफरलाही.

ती खोलीत आली, दार लावलं आणि कामाला बसली. आपण नाही म्हणायला गेलो होतो, हे तिला संगणक सुरू करतानाही आठवत होतं. काम मात्र तिने नेहमीसारखं नीटच केलं. वाईट काम तिच्या हातून होतच नसे, तीच तिची खोड. कॉलरची सावली मानेवर बरोब्बर पाडली. जॅकेटला कोळशाचा रंग दिला. शेवटी दात. तो सरळ केल्यावर चेहऱ्यावरचं काहीतरी निघून गेलं, पण काय गेलं ते बोट ठेवून दाखवता आलं नसतं. स्टॉफर म्हणाला, "वा!"

नवा फलक लागल्यावर मार्लिसने त्या दुकानात जाणंच सोडलं. पण गाव केवढं! एका शनिवारी दुसरं दुकान बर्फाने बंद होतं आणि घरात कॉफी नव्हती. एकच गल्ला चालू होता.

ब्रिटाने कॉफीचा डबा यंत्रावरून फिरवला. वर पाहिलं नाही.

"जॅकेट कुणाचं आहे ते?"

"कुणाचं नाही," मार्लिस म्हणाली. "विकत मिळतात तसले फोटो."

"मला वाटलं, निदान तुमचं असेल." मग तिने मान वर केली. "आणि दातसुद्धा?"

मागे रांगेत माणसं होती. मार्लिसने कार्ड पुढे केलं.

"मला वाटलं होतं, तुम्हाला तो आवडला," ब्रिटा म्हणाली. "तुम्हीच तर हात खाली घ्यायला लावलात. पिशवी हवी?"

"नको."

"बरं. पुढचे या."

मार्लिस कॉफी घेऊन घरी आली. एल्डनला तिने काही सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये स्टॉफरला नवी कल्पना सुचली. एकच चेहरा, सगळी स्वप्नं. ब्रिटाच्या डोक्यावर वेल्डरचं शिरस्त्राण, ब्रिटाच्या गळ्यात स्टेथोस्कोप, ब्रिटाच्या हातात स्वयंपाक्याचा झारा. "मूळ फोटोंवरून करा म्हणजे स्वच्छ निघेल," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही खूप काढले होते ना?"

"हो," मार्लिस म्हणाली.

ती खोलीत आली. त्या दिवशीचे सगळे फोटो तिने उघडले आणि एकेक करून पाहिले. हात तोंडावर असलेले, डोळे मिटलेले, आणि ते एक हसू. मग तिने सगळे पुसले. संगणकावरचे पुसले, कॉलेजच्या साठ्यातले पुसले, कपाटातल्या डिस्कवरचे पुसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं. मग ती जिना चढून गेली आणि स्टॉफरला तोंडावर सांगितलं.

"फोटो नाहीत. मी पुसले. त्या मुलीला आता सोडा."

स्टॉफर चिडला नाही. "मार्लिस," तो हळू आवाजात म्हणाला, "ते फोटो तुमचे नव्हते हो. कॉलेजचे होते."

दुपारी तिला कामावरून काढल्याचं पत्र आणि सामान भरायला एक रिकामं खोकं मिळालं. रखवालदार व्हर्न तिच्याच शाळेतला; तो गाडीपर्यंत सोडायला आला. "मला तसा हुकूम आहे," तो ओशाळून म्हणाला आणि खोकं त्यानेच उचललं.

त्या संध्याकाळी एल्डन सगळं ऐकून घेत होता. ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलं होतं. काठी टेकत उठला, फावडं घेतलं आणि दारातला उशिरा पडलेला बर्फ ओढू लागला. तिने "राहू दे" म्हटलं तरी थांबला नाही.

आणि तिकडे काहीच अडलं नाही. जॅकेटवालं चित्र फलक छापणाऱ्यांकडे होतंच. त्यांनी त्याच्यावरूनच मुंडकं कापून घेतलं. शिरस्त्राणाखाली तोच सरळ दात, झाऱ्यामागे तोच सरळ दात. कडा जरा फाटल्यासारख्या दिसत होत्या, पण चालत्या गाडीतून कडा कोण बघतो?

मे महिन्यात मार्लिस ब्रिटाच्या घरी गेली. आपण कुठलं तोंड घेऊन जातोय ते तिला कळत नव्हतं. पण निदान एकदा तरी मी नाही म्हटलं, नोकरी गेली तरी म्हटलं, हे त्या पोरीला कळावं, असं तिला वाटत होतं. ब्रिटा ओसरीच्या पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होती. तिने ऐकून घेतलं.

"पुसले? सगळे?"

"सगळे. म्हणजे निदान यापुढे..."

"यापुढे काय? काल बसवर दिसले मी. झारा घेऊन."

ब्रिटाने बुटावरचं चिखलाचं ढेकूळ खाली पाडलं.

"मला विचारलंत का पुसताना?" ब्रिटाचा आवाज चढला नाही. "कपडे बदलताना नाही विचारलं, ते समजलं, तुमची नोकरी होती. पण हे? हे कुणासाठी केलंत? आता बरं वाटतंय का तुम्हाला?"

एवढ्यात जाळीचं दार ढकलून ब्रिटाची आई बाहेर आली. इर्मा हेक्किनेन, धाप लागलेली, पण तोंडभर हसू. हसताना तिचाही हात तोंडाकडे गेला.

"अगंबाई, तू ती फोटोवाली ना? कधीची म्हणतेय हिला, तुला विचार म्हणून, तर ऐकेल तर शपथ! मला तो एक मोठा करून दे बाई. निळ्या कपड्यांतला. कशी हसलीय माझी पोर! घरात तिचा एकही हसरा फोटो नाही, सांगते तुला. सगळ्यांत हात आडवा."

मार्लिसने ब्रिटाकडे पाहिलं. ब्रिटा बुटांकडे बघत होती.

"तो नाही राहिला, आई," ब्रिटा म्हणाली. "पुसला."

"पुसला? का बरं?"

इर्माने एकीकडून दुसरीकडे पाहिलं, आणि पाहुणीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून घाईघाईने म्हणाली, "असू दे, असू दे. तो कोटातला आहे ना अजून? तोच दे मग. तो काय वाईट आहे? त्यात दातही किती छान आलाय."

ब्रिटा उठली, बूट हातात घेतले आणि आत गेली. इर्मा म्हणाली, "बस ना, मांस-बटाट्याची पॅस्टी गरम आहे." मार्लिस बसली. पॅस्टी पुढ्यात आली, आणि इर्मा बाई कोटाच्या रंगाला शोभेल अशी चौकट कुठे मिळेल ते विचारत राहिली.