तुमची संकटे माझ्या अंगावर नकोत

सन दोन हजार चोवीस, ऑक्टोबर महिना, शरद ऋतू. जबलपूरच्या कमानिया गेटजवळील एका दुकानातून मला आणि माझ्या जोडीदाराला एका मराठी कुटुंबात आणण्यात आले. मी डिस्कस जातीची मासोळी बोलते आहे. ताटलीसारखा चपटा, गोल देह, त्यावर निळसर पट्टे आणि स्वभाव अत्यंत शांत. आम्हांला कोमट, नितळ पाणी लागते आणि जेवताना गडबड खपत नाही. याहून अधिक मिजास आम्ही कधी केली नाही.

घरची सून यशश्री हे सारे काटेकोरपणे सांभाळी. हात धुतल्याशिवाय ती टाकीचे झाकण उघडत नसे. अशा माणसाविषयी आपोआप आदर वाटतो.

तिचे सासरे भय्यासाहेब हे सेवानिवृत्त अधिकारी. त्यांना वास्तुशास्त्राचा नाद. दिवाळीनंतर कोणा सल्लागाराच्या सांगण्यावरून त्यांनी हातभर लांबीचा, रुपेरी अरोवाना मासा आणला आणि सरळ आमच्याच टाकीत सोडला. घरावर येणारे संकट हा मासा स्वतःवर घेतो, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती.

"बाबा, हा शिकारी मासा आहे. याला वेगळी टाकी लागेल," यशश्री म्हणाली.

"अगं, एका घरात राहिले की होते सवय. तू नाही का आमच्यात अ‍ॅडजस्ट झालीस?"

"मला खायला कोणी उठलं नव्हतं, बाबा."

"तसं नको म्हणू," सासूबाई विनता स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आत्येसासूबाईंना विसरलीस वाटतं!"

सारे हसले. मासा तिथेच राहिला.

त्याच्या जेवणाची मला आलेली शिसारी अजून गेलेली नाही. रविवारी मित्रमंडळी जमत. भय्यासाहेब "अब देखना, भैया!" म्हणत इवलेसे जिवंत मासे पाण्यात सोडत. तो ते मटकावी आणि भजी खाता खाता मंडळी टाळ्या पिटत. फाटलेले तुकडे, खवले, सारी घाण आमच्या श्वासातून फिरत राही. सुशिक्षितांची ही करमणूक!

अशात मी अंडी घातली. आमची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा स्राव खाऊन वाढतात. ते सुख मला हवे होते. एका दुपारी अरोवानाने सगळी अंडी फस्त केली आणि आडव्या आलेल्या माझ्या जोडीदाराचा डोळा फोडला. पुढे जोडीदाराने अन्न सोडले आणि तो मेला.

भय्यासाहेबांनी त्याला जाळीने बाहेर काढले. "आपला वेदांग स्कूटरवरून पडला, पण खरचटण्यावर निभावलं ना? संकट यानं घेतलं बघा!" असे म्हणून त्यांनी, आपला मुलगा वाचला या आनंदात, शेजारी पेढे वाटले. माझ्या सोबत्याच्या मरणाचे पेढे! याहून किळसवाणे मी काही पाहिलेले नाही.

धास्तीने मी काळवंडले आणि हीटरमागे दडून राहू लागले. आता माझी पाळी, हे यशश्रीला कळत होते. भय्यासाहेब मात्र कौतुकाने म्हणाले, "पाहा, काळी पडून राहिली! घराची नजर शोषून घेऊन राहिली."

तेव्हा विनता पदर खोचून टाकीपाशी आल्या.

"अहो, संकट घ्यायला कोणता मासा आणला होता?"

"अरोवाना."

"मग तो काहून फुगून राहिला? एक मेला, दुसरी मरायला टेकली, अन् ज्याचं काम तो बसून जेवून राहिला! असा माणूस कचेरीत ठेवला असता तुम्ही?"

भय्यासाहेबांनी जाळी उचलली. "अच्छा, चलो, याला नर्मदामाईत सोडून देऊ. पुण्य तरी लागेल."

"नदीतल्या माशांनी तुमचं काय बिघडवलं, बाबा?" यशश्री कडाडली. "हा दुकानात परत जाईल. आजच."

दोन हजार पंचवीसच्या फेब्रुवारीतील त्या रविवारी दुकानाचा माणूस त्याला घेऊन गेला. यशश्रीने टाकी घासून नवे पाणी भरले. वाचकहो, हौस म्हणून आम्हांला पाळायचे तर अवश्य पाळा, परंतु आमच्या मरणात स्वतःचे भाग्य शोधू नका. ते फार ओंगळ दिसते.

संध्याकाळी भय्यासाहेब काचेपाशी वाकले. "एकटीच उरली बिचारी. सोबतीला एखादा मोठा मासा आणू?"

यशश्रीने झाकण लावले आणि त्यावर हात ठेवला.

"नाही, बाबा."