मनोहर, तिसरा मजला

आमच्या इमारतीत प्राणी पाळायला बंदी आहे. म्हणून मी मांजराचं नाव मनोहर ठेवलं.

मनी, मोती, टिपू यांना कुणीही हाकलतं. मनोहरला कोण हाकलणार? मनोहर म्हटलं की इस्त्रीचा शर्ट, चष्म्याची डबी आणि ‘बसा, चहा घ्या’ एवढंच डोळ्यांपुढे येतं. शिवाय अर्थही खरा निघाला, मन हरणारा. माझी अडीच वर्षांची लेक तोवर अवाक्षर बोलत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, “हिच्या बापानंही उशिराच तोंड उघडलं, ते अजून मिटलेलं नाही.” मनोहर आला आणि चौथ्या दिवशी ती सोफ्याखाली वाकून म्हणाली, “मनो, ये.” बोलायची ती फक्त त्याच्याशी. आमची चाहूल लागली की गप्प. तो गेला तर ते दोन शब्दही जाणार, याची मला धास्ती होती.

“मनोहर, जेवायला चल!” ही माझी हाक वॉचमनने ऐकली आणि रहिवाशांच्या यादीत नाव चढवलं. मग इमारतीच्या अध्यक्षकाकांनी मला जिन्यात गाठलं. त्यांचा जन्म कचेरीत फायली हलवण्यात गेला होता.

“हे मनोहर कोण?”

“घरातलेच आहेत.”

“करतात काय?”

“सध्या घरीच असतात.”

“छान! कमिटीवर घेतो त्यांना. कामाचं म्हटलं की सगळे पळतात.”

रविवारी बैठक. विषय एकच: तिसऱ्या मजल्यावर दिसलेलं मांजर हाकलणे. लेक मनोहरला सोडेना, म्हणून दोघांनाही घेऊन गेले. मनोहर तिच्या हातातून सुटला आणि थेट आपल्या नावाची चिठ्ठी लावलेल्या खुर्चीवर जाऊन बसला.

“अगंबाई, हे तर...” तळमजल्यावरची शिंपीणबाई म्हणाली.

काकांनी चष्मा वर करून मांजर पाहिलं. चष्मा खाली करून यादी पाहिली.

“यादीत नाव आहे. सभासद हजर!”

मतं पडली तीनास तीन.

“मनोहरराव, आता तुमच्यावर आहे.”

मनोहरराव पंजा चाटत होते. तेवढ्यात लेक खुर्चीला टेकून उभी राहिली आणि सगळ्यांकडे बघत खणखणीत बोलली, “मनो नाई जानाल.”

इतक्या माणसांसमोर! मी पदर नव्हता म्हणून बाहीलाच डोळे पुसले. काका मान वर न करता लिहीत होते: ‘श्री. मनोहर यांचा प्रतिनिधीमार्फत विरोध. ठराव नामंजूर.’

संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, आणि त्यांच्या कोटाच्या आत काहीतरी वळवळत होतं.

“सूनबाई, चार वर्षं याला टायगर म्हणतोय,” ते कुजबुजले. कोटातून एक ओलं काळं नाक बाहेर आलं. “सारखा बाथरूममध्ये लपवावा लागतो. एखादं भारदस्त नाव सुचवा.”

“पुरुषोत्तम?”

काकांनी ते नाव दोनदा पुटपुटून पाहिलं. “चालेल. पण कमिटीवर आता जागा नाही हो.”

लेक माझ्या पायामागून पुढे आली. तिने नाकाला बोट लावलं, मग काकांकडे मान वर केली.

“बशा,” ती म्हणाली. “चा घ्या.”